आयसीयू, सरकारी की जर्मनी? नर्सिंगच्या मुलींचं नेमकं कशावरून ठरतं

तुझा प्रश्न मला कळला तो असा. बी.एस्सी. नर्सिंगचं पाचवं सत्र चालू आहे, गाव बीड जिल्ह्यात, कॉलेज खासगी, फीसाठी बँकेचं कर्ज. आयसीयूचं पोस्टिंग, म्हणजे शिकाऊ ड्यूटी, झाल्यापासून तिथंच काम करावंसं वाटतंय. बाबा म्हणतात, सरकारीच बघ. वर्गातल्या सात-आठजणी जर्मनच्या क्लासला नाव घालताहेत आणि तुलाही आग्रह करताहेत. मामा म्हणतो, एम.एस्सी. कर आणि कॉलेजात शिकव, रात्रपाळीची कटकट नको. आणि सगळ्यात शेवटी तू विचारलंयस, ‘बाकीच्या मुली कशावरून ठरवतात? मलाच का ठरवता येत नाही?’

वयानं लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते. मी आधी सरकारी रुग्णालयात वॉर्ड केले, मग शिकवायला आले. आता मुलींना पोस्टिंगला नेणं, त्यांच्या केस-बुका तपासणं आणि चौथ्या वर्षाला ‘मॅडम, पुढे काय करू?’ ऐकणं हेच काम आहे.

तुझा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे. चारातलं चांगलं कोणतं हे सांगायला माणसं पुष्कळ मिळतील. पण बाकीच्या मुलीही ठरवत नाहीत गं. त्यांचं ठरतं. कुठल्या वॉर्डात कोण भेटलं, घरी काय बोलणं झालं, मैत्रीण कुठे निघाली, जाहिरात कधी आली, एवढ्यावर ठरतं, आणि नंतर विचारलं की त्या ‘मला आधीपासून तेच करायचं होतं’ असं सांगतात. तुला ठरवता येत नाही, कारण तुझ्याकडे चार आवाज एकदम आले आणि ते चार वेगळे आहेत हे तुला ऐकू आलं. माझ्या लेखी हे वाईट नाही. आता प्रत्येक आवाज कुठून येतो ते बघू.

काही गोष्टी मला माहीत नाहीत आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. कर्ज किती, घरात अजून कमावणारं कोण, धाकटी भावंडं शिकताहेत का, तुझा प्रवर्ग कोणता, घरी लग्नाचा विषय कधी निघेल. ही माहिती तू त्यात भर.

आधी पोस्टिंगचं बोलते, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वजन त्याचं असतं आणि त्याच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. २०२१-२२ पासून आपला अभ्यासक्रम सत्र पद्धतीनं चालतो. तिसऱ्या-चौथ्या सत्रात मेडिसिन, सर्जरी, ओटी (शस्त्रक्रियागृह), आयसीयू, कॅज्युअल्टी. पाचव्या-सहाव्यात लहान मुलं आणि मनोरुग्ण, जोडीला कम्युनिटीचा, म्हणजे वस्तीतल्या आरोग्यसेवेचा, पहिला भाग. प्रसूतीशास्त्र सहाव्यात सुरू होतं आणि सातव्यात पुरं होतं, कम्युनिटीचा दुसरा भागही सातव्यातच. आठवं सत्र इंटर्नशिपचं, २२ आठवड्यांचं. म्हणजे ताट अर्धं वाढून झालंय आणि तू आवडीचा पदार्थ सांगून मोकळी झालीयस. लेबर रूम तू अजून पाहिलेली नाहीस. दरवर्षी दोन-चार मुली तरी सातव्या सत्रात लेबर रूममधून बाहेर येतात त्या वेगळ्याच होऊन. रक्त बघून पाय गळणारी मुलगी पहिलं बाळ हातात घेते, आणि आयसीयूचं नावही पुन्हा काढत नाही. उलटही होतं. बायकांवर ओरडणारी सिस्टर पहिल्याच दिवशी पाहिली की चांगल्या हाताच्या मुली कायमच्या मिडवाइफरीपासून, म्हणजे बाळंतपणाच्या शुश्रूषेपासून, लांब जातात.

यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. एका वर्षी एकाच बॅचचे दोन गट दोन वेगळ्या रुग्णालयांच्या आयसीयूत गेले. पहिल्या ठिकाणी इनचार्ज सिस्टर सकाळच्या ओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती देतात तेव्हा, मुलींना बेडपाशी उभं करायच्या. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की विचारायच्या, ‘आधी कुठे बघायचं?’ मुली स्क्रीनकडे बघायच्या. सिस्टर म्हणायच्या, ‘पेशंटकडे. छाती वर-खाली होतेय का, रंग कसा आहे, नळी जागेवर आहे का. मशीन नंतर.’ सक्शन करताना एखादीचा हात थरथरला तर त्या आपला हात तिच्या हातावर ठेवायच्या आणि काही न बोलता पुरतं करून घ्यायच्या. दुसऱ्या आयसीयूत मुलींना पहिल्याच सकाळी कळलं की आपलं काम म्हणजे सॅम्पल लॅबला पोचवणं, टीपीआरचे (ताप, नाडी, श्वास) रकाने भरणं आणि स्टोअरमधून सामान आणणं. पोस्टिंग संपलं तेव्हा पहिल्या गटातल्या निम्म्या मुलींना क्रिटिकल केअर करायचं होतं, दुसऱ्या गटातल्या एकीलाही नाही. मॉनिटर तेच, व्हेंटिलेटर तेच, पेशंटही साधारण तसेच.

म्हणून तुला विचारते, तुला आयसीयू आवडलं की तिथली एखादी सिस्टर आवडली? माणूस आवडून कामाकडे वळण्यात गैर काही नाही, मीही तशीच वळले. पण नोकरीत ती सिस्टर तुझ्या वाट्याला येणार नाही, कदाचित दुसऱ्या आयसीयूतली येईल. तेव्हा ते माणूस मनातून बाजूला काढ आणि उरतं काय ते बघ. पहाटेचे तीन वाजलेत, बेशुद्ध पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची आहे, तोंड स्वच्छ करायचंय, तासाची लघवी मोजून लिहायचीय, पंपातली औषधं संपायच्या आत नवी भरायचीत, आणि हे सगळं न चुकता चार्टवर चढवायचंय. कोणी ‘थँक्यू सिस्टर’ म्हणणार नाही, कारण पेशंट बोलत नाही आणि नातेवाईक बाहेर बसलेत. कोड ब्लूची, म्हणजे हृदय बंद पडलेल्या पेशंटसाठीची, धावपळ रोज नसते, हे काम मात्र रोज असतं. ते डोळ्यांसमोर आणल्यावरही हात शिवशिवत असतील तर तुझी आवड खरी आहे असं मी धरीन.

आता तू मनोरुग्णालयाच्या पोस्टिंगला जाशील किंवा जाऊन आली असशील. आपल्याकडे येरवडा, ठाणे, रत्नागिरी, नागपूर अशी मोठी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. जाताना बसमध्ये मुली गप्प असतात, पर्स पोटाशी धरून. दुसऱ्या आठवड्यात त्याच मुली पेशंटबरोबर कॅरम खेळतात. प्रोसेस रेकॉर्डिंग लिहिताना, म्हणजे पेशंट काय बोलला, आपण काय बोललो, का बोललो हे ओळीनं उतरवताना, एखादी असं काही लिहिते की तिचा कल उघड कळतो. मी तिला विचारते, यात पुढे जायचं का? ती आनंदानं ‘हो’ म्हणते आणि सुट्टीत घरी जाऊन आली की ‘नाही’ म्हणते. घरी कोणीतरी म्हणालेलं असतं, ‘वेड्यांच्या दवाखान्यात काम करणारी मुलगी कोण करून घेणार?’ विषय संपतो. आणि हे आजच्या काळात, जेव्हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्ण परिचारिकेची वेगळी व्याख्या आहे आणि २०२२ पासून टेलि-मानसच्या १४४१६ वर देशभरातून फोन येताहेत. या शाखेत माणसं कमी आहेत ती मुलींना आवड नाही म्हणून, असं मला वाटत नाही.

पोस्टिंगबद्दल शेवटचं. जे दिसत नाही ते कोणी निवडत नाही. डायलिसिस, कॅथलॅब, संसर्ग नियंत्रण, पॅलिएटिव्ह केअर, अवयव प्रत्यारोपण समन्वयक, ही सगळी नर्सची कामं आहेत, पण पोस्टिंगच्या यादीत ती एक तर नसतात किंवा एका दिवसाची भेट असते. मेंदू-मृत पेशंटच्या नातेवाइकांशी अवयवदानाबद्दल बोलणारी समन्वयक पुष्कळदा आयसीयूतून आलेली नर्सच असते. तुझ्यासारखीला आयसीयूतून पुढे क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे, पण तो शिकवणारी ठिकाणं मोजकी, म्हणून कोणाच्या बोलण्यात येत नाही.

आता घर. बाबांच्या डोक्यात ‘सरकारी’ म्हणजे एकच चित्र आहे, प्रत्यक्षात ती तीन वेगळी कामं आहेत. एक, कायम पदावरची अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स. सार्वजनिक आरोग्य विभाग किंवा वैद्यकीय शिक्षण विभागाची जाहिरात, स्पर्धा परीक्षा, मूळ वेतन ३५,४०० पासून, वर भत्ते. पुढे परिसेविका, मग अधिसेविका, पण बढतीला फार वेळ लागतो. दोन, राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं कंत्राटी पद. स्टाफ नर्सला एकत्रित मानधन वीस हजारांच्या आसपास. त्यातच समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे उपकेंद्रावरचं सीएचओचं पद, त्याला २५,००० आणि कामाच्या मोजमापावर १५,००० पर्यंत. तीन, सरकारी रुग्णालयातच पण बाहेरच्या एजन्सीमार्फत. गावात तिघींनाही ‘सरकारी दवाखान्यात लागली’ असंच म्हणतात. एकीला पेन्शन योजना आणि बदली, दुसरीला दरवर्षी कराराची धाकधूक, तिसरीला पगार कधी होईल ते एजन्सीला विचारायचं. बाबांना त्यातलं कोणतं म्हणायचंय ते त्यांच्याशी शांतपणे बोलून घे. बहुतेक बापांना पहिलंच म्हणायचं असतं आणि मुलगी लागते दुसऱ्यात.

चौथं दार केंद्राचं. एम्सची नॉर्सेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसरची भरती परीक्षा, २०२० पासून आहे, बी.एस्सी.ला अनुभवाची अट नाही, मूळ वेतन ४४,९००. पण वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३० आहे, राज्याच्या भरतीत ती ३८ आणि राखीव प्रवर्गाला ४३ असते. म्हणजे ज्या दाराची सगळ्यात जास्त ओढ असते ते सगळ्यात आधी बंद होतं. आमच्या मुली उलटं करतात. आधी चार वर्षं खासगीत काढतात, लग्न होतं, मूल होतं, मग नॉर्सेटचा फॉर्म भरायला बसतात. सैन्याची मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, रेल्वे, ईएसआयसी (कामगार विमा रुग्णालयं) यांचंही वेळापत्रक बघून ठेव.

खासगीच्या पगारामुळेच घरचे घाबरतात आणि ते चुकीचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशावरून केंद्रानं नेमलेल्या समितीनं शिफारस केली होती की दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयानं सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा, शंभरच्या वर असेल तर सरकारी पगाराहून फार तर दहा टक्के कमी असावा, पन्नास ते शंभरमध्ये फार तर पंचवीस टक्के कमी असावा, आणि अगदी लहान रुग्णालयातही २०,००० च्या खाली जाऊ नये. कागद उत्तम आहे. जिल्ह्याच्या गावी त्याहून कमी पगारावर, बारा तासांच्या ड्यूट्या करणाऱ्या मुली मी आजही बघते. म्हणून कर्ज असलेल्या घरातली मुलगी ‘आवडीचं काम’ आणि ‘हप्ता भरणारं काम’ यांत दुसरं निवडते तेव्हा मला तिचा राग येत नाही. एक मात्र कर. बँकेत जाऊन हप्ता नक्की कुठल्या महिन्यापासून सुरू होतो ते लेखी विचार. बहुतेक शैक्षणिक कर्जांत कोर्स संपल्यावर एक वर्षाची सवलत असते. घरात त्याची भीती असते ‘निकाल लागला की दुसऱ्या महिन्यात’ अशी, आणि त्या भीतीपोटी पहिली मिळेल ती नोकरी धरली जाते.

लग्नाबद्दल कोणी उघड बोलत नाही म्हणून मीच बोलते. मामा ‘रात्रपाळी नको’ म्हणतो तेव्हा त्याला तुझ्या झोपेची काळजी थोडीच असते. स्थळ बघायला येणाऱ्यांना ‘मुलगी कॉलेजात शिकवते’ हे ऐकायला बरं वाटतं. हे पटो न पटो, हा धागा तुझ्या निर्णयात आहे, तो ओळखून ठेव. वर्गातल्या मुलांचं गणित वेगळं चालतं. लेबर रूमच्या नोकऱ्या त्यांना मिळत नाहीत, खासगीत ‘सिस्टरच हव्यात’ म्हणतात, एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा मुलींसाठी ठेवल्या जात आल्यात. मग ते तिसऱ्या वर्षापासूनच परीक्षेची पुस्तकं घेऊन बसतात. लोक म्हणतात मुलं जास्त महत्त्वाकांक्षी. तसं काही नाही, त्यांना दारं कमी आहेत एवढंच.

जर्मनीकडे येऊ. मैत्रिणी जाताहेत म्हणून जाणं याला मी हसत नाही. केरळच्या मुली पिढ्यान् पिढ्या बाहेर गेल्या त्या एकेकट्या हिमतीवर नव्हे. आधी गेलेली मावशी, गावातला भाषेचा क्लास, कागदपत्रांची माहिती असलेला शेजारी, असं सगळं पाठीशी होतं. आपल्याकडे ही साखळी अजून विरळ आहे, म्हणून तुमच्या सात-आठजणींचा गट ही चांगलीच गोष्ट आहे. महाराष्ट्र सरकारनंही २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सिंग आहे, आणि तेव्हापासून क्लासवाल्यांच्या पाट्याही वाढल्या.

पण दोन-तीन गोष्टी त्या पाटीवर लिहिलेल्या नसतात. नर्स म्हणून मान्यता मिळायला भाषा बी-टू पर्यंत लागते, आणि पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात. ए-वन, ए-टू पर्यंत उत्साहानं जाणाऱ्या पुष्कळ असतात, बी-वनला गळती लागते. आपली पदवीही तपासली जाते, आणि तिथं पोचल्यावर बहुतेकींना ज्ञानाची परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण पुरं करावं लागतं. तोवर पगार आणि काम मदतनिसाचं. शिवाय कामाचं स्वरूप वेगळं आहे. इथं अंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं हे मावशी आणि नातेवाईक करतात, आपण औषधं आणि प्रोसिजर बघतो. तिथं ते सगळं नर्स करते, आणि मागणीतला मोठा भाग वृद्धांच्या शुश्रूषेचा आहे. मला स्वतःला ते काम कमी दर्जाचं वाटत नाही, अंग पुसताना पेशंटची कातडी बघणारी नर्स बेडसोर आधी पकडते. पण तुला मॉनिटर आणि पंप आवडलेत. तिथल्या आयसीयूत जायचं तर आधी भाषा आणि मान्यता, मग संधी, या क्रमानं वर्षं मोज.

क्लासचं ‘पूर्ण पॅकेज’ एकदम भरू नकोस. पातळीप्रमाणे फी घेतात का विचार, ए-वन भर, परीक्षा दे, मग पुढचं. ‘नोकरीची हमी’ असेल तर परदेशी भरतीचा परवाना आहे का ते ई-मायग्रेटच्या सरकारी पोर्टलवर स्वतः बघ. परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. आणि मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवायची नाहीत. क्लासकडे नाही, एजंटकडे नाही, नोकरी देणाऱ्या रुग्णालयाकडेही नाही. बघायला दे, साक्षांकित प्रत दे, मूळ घरी.

बाकीच्या देशांचं थोडक्यात सांगते. अमेरिकेची एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या परवान्याची परीक्षा, आपल्याकडे देता येते आणि अभ्यास केला तर सुटते. पण भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांहून लांब आहे, त्यामुळे परीक्षा सुटली म्हणून बॅग भरायची नसते. ब्रिटनमध्ये मध्यंतरी धडाधड भरती झाली, आता हात आखडलाय. आखातात परवान्याची परीक्षा असते आणि नोकरी देणारे साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात.

मामाच्या एम.एस्सी.बद्दल मला फार लिहायचं नाही. प्रवेशालाच पदवीनंतर किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, त्यामुळे हा निर्णय आज घ्यायचाच नाहीये. शिकवण्याची आवड असेल तर जरूर ये, आम्हाला माणसं हवीत. पण वॉर्ड टाळायला म्हणून आलेली ट्यूटर मुलींना पहिल्या आठवड्यात कळते. ती बेडपाशी थांबत नाही, नर्सिंग स्टेशनवर केस-बुका तपासत बसते. खासगी कॉलेजांतले पगारही मामाला वाटतात तेवढे नाहीत.

एवढं सगळं मांडल्यावर बघ, आयसीयू, परदेश, एम.एस्सी., या तिन्हींना चांगल्या रुग्णालयातला एक-दोन वर्षांचा वॉर्डाचा अनुभव लागतो किंवा निदान उपयोगी पडतो. सरकारी परीक्षेला तो लागत नाही, पण तिला वय लागतं. म्हणजे तुझ्यापुढे चार रस्ते दिसत असले तरी पुढची दोन-अडीच वर्षं त्यातल्या तीन रस्त्यांवर तू जवळपास तेच काम करणार आहेस. म्हणून ‘कोणतं’ हे आज ठरलं नाही तर बिघडत नाही. ‘आधी काय’ हे मात्र ठरव.

मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं. सातव्या सत्रापर्यंत कोणालाही ‘मी अमुकच करणार’ असं सांगितलं नसतं, लेबर रूम आणि कम्युनिटी नीट डोळे उघडे ठेवून केली असती. निकाल लागल्याबरोबर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी, कारण तिच्यावाचून पुढचं काहीच हलत नाही आणि मुली ती सहा-सहा महिने लांबवतात. पहिली नोकरी मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूत, पाच-सात हजार कमी मिळाले तरी, पण कर्जाचा हप्ता भागत असेल तरच. भागत नसेल तर सीएचओ आणि कंत्राटी पदांचा फॉर्म आधी, त्यात कमीपणा काही नाही. उपकेंद्रावर एकटीनं ओपीडी चालवणारी मुलगी निर्णय घ्यायला जे शिकते ते वॉर्डात शिकायला फार वेळ लागतो. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत नॉर्सेट आणि राज्याच्या परीक्षा जेवढ्या येतील तेवढ्या द्यायच्या, बाबांनाही त्याचा आधार वाटेल. भाषेचं म्हणशील तर ए-वन सुट्टीत करून बघ. जीभ वळते की नाही हे तेवढ्यात कळतं.

मुलाखतीला जाशील तेव्हा पगाराआधी तीन गोष्टी विचार. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक नर्स आणि बाकीच्या दोघांत एक, हे तुमच्याकडे रात्रीसुद्धा पाळतात का? नव्या मुलीला किती आठवडे कोणाच्या हाताखाली ठेवता? आणि सोडताना अनुभवाचा दाखला किती दिवसांत देता? पहिल्या प्रश्नावर मेट्रन हसल्या किंवा विषय बदलला तर समजून घे. खरं उत्तर हवं असेल तर खाली कँटीनमध्ये ड्यूटी संपवून बसलेल्या मुलींना विचार, त्या दोन मिनिटांत सांगतात.

बाबांशी बोलताना ‘मला आयसीयू आवडतं’ एवढंच सांगू नकोस, आवडीनिवडीवर वडील माणसं हरत नाहीत. वहीच्या एका पानावर लिहून ने. कुठली परीक्षा, वय किती वर्षांपर्यंत, हप्ता कधीपासून, पहिल्या नोकरीत अंदाजे किती मिळेल, दोन वर्षांनी काय. शक्य असेल तर तुमच्या तालुक्यातली एखादी नोकरी करणारी सिनियर घरी चहाला बोलाव. माझ्या बोलण्यानं जे होत नाही ते तिच्या बोलण्यानं होताना मी पाहिलंय, विशेषतः ती स्वतःच्या पगारातून घराला पत्रे घालून देणारी असेल तर.

आणि एक काम याच सत्रात कर. इंटर्नशिपच्या २२ आठवड्यांत प्रौढ रुग्ण, लहान मुलं, मनोरुग्ण, प्रसूती आणि कम्युनिटी असं सगळं असतं, त्यामुळे आयसीयूच्या वाट्याला फार आठवडे येत नाहीत, काही कॉलेजांत तर ते मेडिसिन वॉर्डातच जिरतात. तुमच्या मागच्या बॅचची पोस्टिंगची यादी मिळव, आयसीयू किती होतं आणि कुठल्या रुग्णालयाचं होतं ते बघ. कमी वाटलं तर क्लिनिकल कोऑर्डिनेटर मॅडमना सातव्या सत्राच्या आत जाऊन भेट आणि कारणासहित अर्ज दे. यादी फलकावर लागल्यावर ती बदलायला कोणी तयार होत नाही, आम्हीसुद्धा नाही.